वेगवान मोटारीला प्रथम काय हवें: स्प्रिंग, शॉकअप कीं टायर?

गेल्या दिवाळीच्या सुटींत एके सकाळीं आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांस बरोबर घेऊन मजकडे आला. शाळेंत असतां पदार्थविज्ञानाच्या तासाला शेवटच्या बांकावर बसून मोटारींचीं चित्रें काढणारा हा मुलगा आतां पुण्यास नोकरी करितो. त्यानें आपल्या बचतींतून, आणि कांहीं वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेंतून, एक वापरलेली फोक्सवॅगन पोलो जीटी घेतली आहे. वडील एस. टी. चे निवृत्त चालक. बापलेकांत पंधरा दिवस अबोला होता, व त्याचें कारण ही गाडीच होती.

हकीकत अशी कीं, पांचगणीहून पसरणीच्या घाटानें वाईकडे उतरत असतां रस्ता ओला होता. एका वळणावर चाक लहानशा खड्ड्यांतून गेलें आणि गाडीचें मागचें अंग एकाएकीं बाहेर फेंकलें गेलें. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. वडील शेजारींच बसले होते. कोणास इजा झाली नाहीं. पण वडिलांनीं घरीं येतांच "गाडी विकून टाक" एवढेंच सांगितलें. मुलाचें म्हणणें निराळें. गाडी मूळची उत्तम आहे, मात्र तिची खालची बांधणी मऊ पडते. अधिक कडक व अधिक बुटक्या स्प्रिंगांचा संच घातला म्हणजे ती रस्त्याला चिकटून चालेल, असें त्याला वाटे. त्या संचाची किंमत त्यानें काढून ठेविली होती, आणि ती रक्कमही पुन्हा वडिलांपाशींच मागावयाची होती.

"सर, आपणच बाबांना समजावून सांगा," असें तो म्हणाला.

"मास्तर, तुम्हीच ह्याला चार शब्द सांगा," असें वडील म्हणाले.

मी मोटारींचा तज्ज्ञ नव्हे. परंतु स्प्रिंग, दोलन व घर्षण हे विषय गेलीं वीस वर्षें शिकवीत आलों आहें, आणि ह्या तंट्यांत त्याहून निराळें असें फारसें कांहीं नव्हतें. त्या दिवशीं आमच्या अंगणांत, व पुढें एका गॅरेजांत, जें बोलणें झालें आणि जें दिसून आलें, तें येथें लिहून ठेवितों. आमच्या वरच्या वर्गांतील कित्येक मुलांच्या मनांत अशीच एखादी गाडी घोळत असते, आणि तिचे पैसे द्यावयाचे कीं नाहीं हा प्रश्न पालकांपुढें आज ना उद्यां उभा राहावयाचाच आहे.

गाडीविषयीं दोन शब्द. पोलो ही मोटार चाकणच्या कारखान्यांत तयार होत असे. ती २०१० सालीं आपल्याकडे बाजारांत आली व २०२२ सालीं तिचें उत्पादन येथें थांबलें. २०१३ सालीं आलेल्या जीटी टीएसआय ह्या प्रकारांत १.२ लिटरचें टर्बो इंजिन असून त्याची शक्ति १०५ अश्वशक्तीची आहे. वजन सुमारें ११०० किलो. एवढ्या हलक्या गाडीला ही शक्ति पुष्कळ झाली. म्हणून हौशी तरुणांत तिला मोठा मान आहे, व जुन्या बाजारांत ती अद्याप हातोहात खपते.

प्रथम मी त्याला टायरापाशीं बसविलें. दोन माणसें बसलीं म्हणजे गाडी १२०० किलोंच्या वर जाते. अर्थात् प्रत्येक चाकावर सरासरी ३०० किलो भार येतो. टायरांतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें सव्वादोन किलो. ३०० ला सव्वादोननें भागा. प्रत्येक टायर जमिनीला सुमारें १३३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढ्या जागेंत टेकतो. (टायराची भिंतही थोडा भार उचलते, हिशेब ढोबळ आहे.) चारही चाकांचे ठसे एकत्र मांडले तरी आपल्या उत्तरपत्रिकेचें एक पान पुरतें झांकलें जात नाहीं. वेग घेणें, थांबणें, वळणें, जें कांहीं गाडी करिते तें सारें ह्या एका पानाच्या आधारावर. स्प्रिंग कितीही भारी असो, तिचें काम हें पान जमिनीवर टेकलेलें ठेवणें एवढेंच आहे. जमिनीला धरून ठेवणारें रबर तें टायराचेंच.

टायराच्या भिंतीवर एका लंबगोल चौकटींत चार आंकडे असतात. त्यांतील पहिले दोन वर्षाच्या आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मागच्या उजव्या टायरावर "३२१४" असें होतें. म्हणजे २०१४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत हा टायर तयार झाला. वरची नक्षी खोल होती म्हणून बापाला व लेकाला, दोघांनाही, तो नवाच वाटला होता. परंतु रबर हें भाकरीसारखें असतें. न वापरतां ठेवलें तरी वाळतें. नख रोंवून पाहिलें तों तें रोंवेना. ओल्या रस्त्यावर असलें रबर कितपत धरणार? वडिलांनीं मुलाकडे पाहिलें व पुन्हा खालीं वांकून ते आंकडे वाचले. एस. टी. त तीस वर्षें काढलेल्या माणसाला आपण हें पाहिलें नाहीं ह्याचें वाईट वाटलेलें दिसलें.

आतां स्प्रिंगेकडे वळूं. स्प्रिंग गाडीचें वजन तोलते आणि चाकाला वरखालीं होऊं देते. वजनाखालीं ती जितकी दबते त्यावरून गाडीचें दोलन ठरतें. २५ सेंटिमीटर दबली तर दर सेकंदास एक दोलन. ११ सेंटिमीटर दबली तर दीड. ६ दबली तर दोन. साधी घरगुती मोटार एक ते दीड ह्यांच्या दरम्यान ठेवितात, कारण माणूस चालतांना त्याचें शरीर जवळ जवळ ह्याच गतीनें वरखालीं होत असतें व त्याला तें सोसतें. चपळ गाडीला ह्याहून थोडें अधिक चालतें. दोनच्या पुढें गेलें कीं गुळगुळीत शर्यतीचा रस्ता लागतो, आणि तसा रस्ता आपल्या जिल्ह्यांत मला तरी ठाऊक नाहीं. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. दोलन दुप्पट करावयाचें तर स्प्रिंग चौपट कडक करावी लागते. म्हणून जाहिरातींत "तीस टक्के अधिक कडक" असें वाचून भारून जाण्याचें कारण नाहीं. त्यानें दोलन चौदा टक्क्यांनींच वाढतें. पण उलट, हाताला येईल ती स्प्रिंग बसविली तर हिशेब कोठल्या कोठें जातो.

पुढच्या व मागच्या स्प्रिंगांचें एकमेकींशीं नातें असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मॉरिस ऑली नांवाचा ब्रिटिश अभियंता १९३० सालीं रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेंत कॅडिलॅककडे गेला. १९३२ सालीं त्यानें एका लांबलचक गाडीला हलवितां येतील अशीं वजनें बांधलीं, तींत माणसें बसविलीं, आणि पुढच्या-मागच्या स्प्रिंगा बदलून कोणती जोडी सुखाची हें त्यांनाच विचारीत गेला. त्याच्या ध्यानांत असें आलें कीं, पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षां किंचित् मऊ असाव्या. कारण उघड आहे. खड्डा पुढच्या चाकाला आधीं भेटतो. पोलोच्या पुढच्या व मागच्या चाकांत सुमारें अडीच मीटर अंतर; ताशीं ६० किलोमीटरच्या वेगानें मागचें चाक त्याच खड्ड्याशीं एक सप्तमांश सेकंद उशीरां पोंचतें. मागचें अंग जरा जलद हललें तरच तें पुढच्याला गांठतें व गाडी समतल होते. एरव्हीं ती होडीसारखी पुढेंमागें डुलत राहते. पदरीं फक्त पुढच्या स्प्रिंगांपुरते पैसे आहेत म्हणून पुढच्याच कडक करणारे आहेत. अशा गाडींत बसण्याचा प्रसंग मजवर एकदां आला होता. दुसऱ्यांदा येऊं नये.

इतकें बोलून आम्ही तिघे ओळखीच्या एका गॅरेजांत गेलों. गाडी वर उचलली आणि सारा उलगडा झाला. स्प्रिंगा मूळच्या होत्या, पण अखंड नव्हत्या. आधीच्या मालकानें कोणाकडून तरी प्रत्येकीचा एक एक वेढा कापून घेतला होता, गाडी बुटकी दिसावी म्हणून! कापलेल्या टोंकांवर गंज चढला होता. मुलाचा चेहरा उतरला. जी गाडी मऊ म्हणून तो कडक करावयास निघाला होता, ती आधींच कडक करून बसली होती.

वेढा कापल्यानें स्प्रिंग कडक कां होते, हें नववीच्या विद्यार्थ्यालाही सांगतां येईल. काम करणारे सहा वेढे असले व एक कापला, तर तोच भार पांच वेढ्यांनीं उचलावयाचा. कडकपणा सहास पांच ह्या प्रमाणांत, म्हणजे वीस टक्क्यांनीं वाढतो. (तारेची जाडी ह्याहून फार प्रभावी असते. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत वाढतो. दहा मिलिमीटरची तार अकरा केली तर तो जवळ जवळ दीडपट होतो.) पण खरा अपाय कडकपणाचा नव्हे. मोटारीच्या शॉक-अब्सॉर्बरला, ज्याला गॅरेजांत शॉकअप म्हणतात, एक ठरलेली धांव असते, आणि त्या धांवेच्या शेवटीं एक रबरी ठोकळा असतो. चाक फारच वर आलें तर त्यानें लोखंडावर आदळूं नये म्हणून. गाडी बुटकी केली कीं ती उभी असतांच त्या धांवेचा मोठा भाग खर्च होतो. मग वळणावर बाहेरच्या अंगावर भार येतो, त्यांत एक खड्डा मिळतो, आणि ठोकळा टेकतो. त्या क्षणीं स्प्रिंग जणूं नाहींशी होते आणि तिच्या जागीं दगड येतो. मागच्या बाहेरील चाकावर भार एकदम उसळतो, त्याच आंसावरील आंतलें चाक हलकें पडतें, दोहोंची मिळून पकड घटते, आणि गाडीची शेपूट सुटते. त्यांत दहा वर्षांचें वाळलेलें रबर व ओला रस्ता. पसरणीच्या घाटांत जें झालें तें हेंच. ठोकळ्यावर ताज्या घांसटल्याच्या खुणा होत्या. वडिलांनीं बोटानें त्या मुलाला दाखविल्या, आणि पंधरा दिवसांनंतर दोघे एकमेकांशीं प्रथमच सरळ बोलले.

तरीही मुलानें एक मुद्दा सोडला नाहीं, व तो मुद्दा वाजवी होता. गाडी बुटकी केल्यानें गुरुत्वमध्य खालीं येतो. मग ती वळणावर स्थिर व्हावयास नको काय? हिशेब करूं. समजा, गाडी माणसांसह १२०० किलोंची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच, दोन चाकांतील रुंदी १४६ सेंटिमीटर, आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांश. १२०० ला ०.६ नें गुणा, ५५ नें गुणा, १४६ नें भागा. आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर २७१ किलो भार सरकतो. आतां गाडी तीन सेंटिमीटर खालीं घ्या. ५५ च्या जागीं ५२. उत्तर येतें २५६. म्हणजे लाभ पंधरा किलोंचा. तोही लाभच, परंतु त्यासाठीं चाकाच्या धांवेतले तीन सेंटिमीटर गेले. आणि ह्या गणितांत स्प्रिंगेच्या कडकपणाचा आंकडा कोठेंच नाहीं, हें पाहा. स्प्रिंग मऊ असो वा कडक, एकूण भार तेवढाच सरकतो. कडकपणानें एवढेंच ठरतें कीं गाडी किती कलेल, आणि सरकलेल्या भारांतला किती वांटा पुढच्या चाकांनीं घ्यावयाचा व किती मागच्यांनीं. न कलणारी गाडी अधिक धरते असें डोळ्यांना वाटतें. डोळे येथें फसतात.

पोलोच्या पुढच्या चाकांची बांधणी अर्ल मॅकफर्सन ह्या अमेरिकन अभियंत्याच्या नांवानें ओळखली जाते. तींत शॉकअप हाच चाकाचा खांब असतो, व खालीं एक आडवा हात असतो. गाडी फार खालीं घेतली म्हणजे हा हात चाकाकडे चढता होतो. त्यामुळें गाडी ज्या कल्पित बिंदूभोंवतीं कलते तो बिंदु गुरुत्वमध्यापेक्षांही अधिक खालीं जातो, आणि कलण्यास कारण होणारी तरफ लांबते. ज्या कलण्याला घाबरून गाडी बुटकी केली तेंच वाढावयास लागतें, आणि तें थोपविण्यास आणखी कडक स्प्रिंग हवीशी वाटते. खर्चाला अंत राहत नाहीं.

मग पैसे कोठें घालावे? शॉकअपांत, असें माझें स्पष्ट मत आहे, आणि त्या गॅरेजच्या म्हाताऱ्या मिस्त्रींचेंही तेंच पडलें. स्प्रिंग दबली कीं ती दिलेली शक्ति परत फेंकते. मोकळी सोडली तर चेंडूसारखी उड्या मारीत राहील. शॉकअपांत तेल असतें, तें बारीक छिद्रांतून व झडपांतून ढकललें जातें, आणि गतीची उष्णता होऊन जाते. खड्ड्यानंतर चाक हवेंत राहणार कीं लगेच जमिनीवर येणार, स्टीअरिंग फिरवितांच गाडी वळणार कीं क्षणभर डगमगणार, हें सर्व त्याच्यावर आहे. ह्या गाडीचे शॉकअप ८० हजार किलोमीटर चाललेले होते. पुढच्या एकाच्या दांड्याभोंवतीं तेल पाझरून धूळ माखली होती, आणि गाडीचा कोंपरा दाबून सोडला असतां ती एकदां वर येऊन थांबण्याऐवजीं तीन वेळां झुलली. शॉकअप हळूहळू मरतो. रोज चालविणाऱ्याला तें कळत नाहीं. गाडी बिघडली असें न वाटतां ती "मऊ आहे" असें वाटूं लागतें. मुलाची तक्रार मुळांत ह्याची होती.

मिस्त्रींनीं काम असें ठरविलें. चार नवे टायर, कंपनीनें नेमलेल्या मापाचेच, पण ओल्या रस्त्यावर चांगले ठरलेले. मूळच्या अखंड स्प्रिंगा. एका नांवाजलेल्या कारखान्याचे, मूळपेक्षां किंचित् घट्ट असे चार शॉकअप. खालच्या हातांचे रबरी बुश, कारण जुन्यांना भेगा पडल्या होत्या व ब्रेक दाबतांच चाक आपली जागा सोडीत होतें. शेवटीं चाकांचें अलाइनमेंट. ह्या साऱ्याची बेरीज त्या भारी संचाच्या किमतीहून कमी आली. वडिलांनीं यादी दोनदां वाचली व टायरांचे पैसे आपण देतों म्हणाले.

ज्यांना ह्यापुढें जावयाचें असेल त्यांनीं शॉकअपांशीं मिळत्या अशा सौम्य स्प्रिंगा घ्याव्या. दोन्ही एकाच कारखान्याच्या असल्या तर फार बरें, आणि उंची दोन-अडीच सेंटिमीटरांहून अधिक उतरवूं नये. पुढें इंजिन असलेली व पुढचींच चाकें ओढणारी गाडी वळणावर नाक बाहेर काढते; त्यावर मागच्या बाजूस जाड आडवा बार बसविण्याचा उपाय आहे. पोलोच्या मागील दोन चाकांना जोडणारी पिळदार तुळई स्वतःच ह्या बाराचें काम थोडेंबहुत करीत असते, म्हणून येथें बेतानें घ्यावें. मागें फार कडक केलें तर नाकाऐवजीं शेपूट सुटेल. उंची व घट्टपणा दोन्ही फिरवितां येणारे संच असतात, त्यांना कॉइलओव्हर म्हणतात. ते शेवटचे. स्वस्तांतले तर मुळींच नकोत. आपल्याकडचा पावसाळा व चिखल त्यांच्या आट्यांत शिरला कीं पुढच्या वर्षीं त्या फिरत नाहींत. आणि ज्याला नव्या व झिजलेल्या शॉकअपांतला भेद कळला नव्हता, त्यानें तीस खटक्यांची कळ फिरवून काय करावयाचें?

कायद्याचीही एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपुस्तकांतील तपशील कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें ही मर्यादा कडकपणें सांगितली. झिजलेला भाग बदलणें निराळें व गाडीचें रूप बदलणें निराळें. बुटकी गाडी कोठें बसते हें आर. टी. ओ. कार्यालयांत विचारून घ्यावें, आणि विमा कंपनीस आधीं लेखी कळवावें. अपघात झाल्यावर कळविण्यांत अर्थ नसतो. वेग अजमावून पाहण्याची हौस असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें व कोइमतूरास त्यासाठीं बांधलेले शर्यतीचे मार्ग आहेत. घाट हा त्यासाठीं नाहीं.

मुलाला मीं एकच अट घातली: सारें एकदम बदलूं नकोस. आधीं टायर व स्प्रिंगा; मग तोच रस्ता, तीच हवा, तोच वेग, आणि वहींत नोंद. आठवड्यानें शॉकअप, पुन्हा नोंद. प्रयोगशाळेंत आपण दोन गोष्टी एका वेळीं बदलीत नाहीं तें ह्याचसाठीं. त्यानें वही ठेविली, आणि डिसेंबरांत ती मला वाचावयास आणून दिली. अक्षर पूर्वीसारखेंच वाईट आहे. टायर व स्प्रिंगा बदलल्यानंतरच्या पानावर त्यानें लिहिलें आहे कीं, पसरणीच्या त्याच वळणावर त्याच खड्ड्यावरून बाबा स्वतः चालवीत असतां गेलों, आणि गाडी सरळ राहिली. शॉकअप घातल्यानंतरच्या पानावर एकच ओळ आहे: "बाबा म्हणाले, आतां कळते गाडी कुठे आहे ती."

कापलेल्या चार स्प्रिंगांपैकीं एक, व गॅरेजमधूनच मिळालेली दुसऱ्या गाडीची एक अखंड स्प्रिंग, अशा दोन सध्यां आमच्या प्रयोगशाळेंत आहेत. हूकचा नियम शिकवितांना विद्यार्थ्यांस एकेक करून त्यांवर ठेवलेल्या फळीवर उभें करितों व पट्टीनें माप घेतों. अखंड स्प्रिंग ४५ किलोंच्या मुलाखालीं सुमारें दोन सेंटिमीटर दबते. कापलेली मात्र सरळ उभीच राहत नाहीं. फळीखालीं एका बाजूस लाकडाचा तुकडा द्यावा लागतो.